मीटरवरचा आकडा आणि झाकून ठेवलेली गाडी

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कुठल्याही शहरातल्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली झाकलेली एखादी गाडी सापडतेच. बहुधा ती मारुती ८०० असते, कधी प्रीमियर पद्मिनी, क्वचित कॉन्टेसा किंवा ११८ एनई. पहिल्या मालकाने हौसेने घेतलेली, दवाखान्याला आणि लग्नकार्याला बाहेर काढलेली, पावसात भिजू न दिलेली, आणि पंचवीस-तीस वर्षांत जेमतेम तीस हजार किलोमीटर चाललेली. ती पुढच्या पिढीच्या हाती आली की घरात तीन तट पडतात. एक म्हणतो, गाडी चालवायलाच असते, काढा बाहेर. दुसऱ्याला तीत नवं इंजिन, रुंद टायर आणि झकपक सीटा दिसू लागतात. तिसरा बजावतो की अजिबात हात लावू नका, दहा वर्षांनी तिला सोन्याचा भाव येईल. वरकरणी तिघांचं एकमेकांशी जराही पटत नाही, पण एक गोष्ट तिघंही धरून चालतात: या गाडीची पुंजी म्हणजे मीटरवरचा कमी आकडा. पहिला ती खर्च करू पाहतो, दुसरा तिच्यावर इमला चढवू पाहतो, तिसरा तिला कुलूप लावतो. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. पुंजी असते ती कारखान्यातून आलेल्या मूळपणाची, म्हणजे न सडलेला पत्रा, कंपनीचा रंग, आतलं मूळ कापड, आरसी बुकाशी जुळणारा इंजिन नंबर यांची. कमी आकड्यामुळे हे सगळं टिकलेलं असण्याची शक्यता वाढते, इतकंच. जपून चालवल्याने त्यातलं फारसं काही झिजत नाही. ते जातं ते गाडी वर्षानुवर्षं उभी राहिल्याने, आणि मागे न फिरवता येणाऱ्या बदलांनी.

उभ्या गाडीचं काय होतं याचा सर्वांत नाट्यमय पुरावा अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला आहे. टल्सा शहराने १५ जून १९५७ रोजी एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडिअर गाडी न्यायालयाच्या आवारात काँक्रीटच्या तळघरात पुरली. पन्नास वर्षांनी काढायची आणि २००७ मध्ये शहराची लोकसंख्या किती असेल याचा सर्वांत जवळचा अंदाज बांधणाऱ्याला द्यायची, अशी ती योजना होती. तळघर अणुबॉम्बलाही दाद देणार नाही असं सांगितलं गेलं होतं, आणि भविष्यात पेट्रोल मिळेल न मिळेल म्हणून डब्यांतून पेट्रोलही सोबत ठेवलं होतं. जून २००७ मध्ये झाकण उघडलं तेव्हा आत पाणी साचलेलं होतं आणि गाडी आरपार गंजलेली होती. मीटरवर नाव घ्यावं इतकेही मैल नव्हते, आणि तरी ती पुन्हा रस्त्यावर येण्याच्या पलीकडे गेली होती. जगातल्या सर्वांत कमी चाललेल्या १९५७च्या गाड्यांपैकी ही एक, आणि वाहन म्हणून तिची किंमत शून्य.

आपल्या पार्किंगमध्ये इतकं नाट्य घडत नाही, पण प्रक्रिया तीच असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे आतून व्हील सिलिंडर गंजतात आणि ब्रेक जाम होतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. तेलाने भिजलेले राहिले तरच मऊ राहणारे ऑइल सील कोरडे पडून तडकतात, आणि गाडी बाहेर काढल्यावर पहिल्याच महिन्यात इंजिनखाली तेलाचा डाग दिसू लागतो. टायरच्या खाचा नव्यासारख्या दिसतात, पण रबर दगड झालेलं असतं. टायरवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात, ते वाचले की भ्रम उतरतो. मारुती ८००चा टायमिंग बेल्ट किलोमीटरने जितका म्हातारा होतो तितकाच वर्षांनीही होतो. शिवाय उंदीर असतातच, त्यांना वायरिंगच्या किमतीशी काही देणंघेणं नसतं. हवामानाचाही वाटा मोठा आहे. रत्नागिरीत किंवा गोव्यात बंद राहिलेली गाडी खालून, दरवाज्यांच्या कडांतून आणि मडगार्डच्या आतून सडते. नागपूर-औरंगाबादकडची गाडी पत्र्याने ठणठणीत राहते, पण तिचा डॅशबोर्ड आणि रबरं उन्हाने तडकतात. म्हणून वीस हजार चाललेली किनारपट्टीची गाडी आणि सत्तर हजार चाललेली विदर्भातली गाडी समोर असतील, तर मी आधी दुसरीच्या खाली वाकून बघेन.

उभ्या गाडीची काळजी घेतो असं समजून केला जाणारा एक उपाय मात्र हमखास नुकसान करतो. दर दोन-चार दिवसांनी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवायची, म्हणजे बॅटरी टिकते, अशी समजूत आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापले तर ती बाहेर पडते; नाही तापले तर आतच तिचं पाणी होऊन साचतं. चोक ओढून थंड इंजिन घरघरत ठेवलं की जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन खालच्या तेलात मिसळतं, आणि सायलेन्सर आतून सडतो. याउलट पंधरवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटरचा सलग फेरफटका मारला की तेल तापतं, पाणी उडून जातं, ब्रेक मोकळे राहतात, सील ओले राहतात, बॅटरी खरोखर भरते. जुन्या पैठणीची घडी अधूनमधून मोडून नव्याने घातली नाही तर ती घडीवरच विरते, तसंच हे. आता यात पेट्रोलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि आता जवळपास सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरच्या काळातल्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. टाकी फुल्ल ठेवली की आतून गंजत नाही, हा जुन्या मेकॅनिकांचा सल्ला साध्या पेट्रोलच्या काळात रास्त होता. आता तेच पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं तर इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घेणं आणि पेट्रोल शिळं होण्याआधी वापरून संपवणं, हाच मार्ग उरतो. म्हणजे गाडी चालवणं.

चालवण्याने गाडी संपते, या भीतीला उत्तर देणारी दोन उदाहरणं आपल्याकडेच आहेत. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. त्यांनी ती गाडी २०१० मध्ये निधन होईपर्यंत सांभाळली. तिची दुर्दशा झाली ती त्यानंतर, घराबाहेर बेवारशासारखी उभी राहिल्यावर. पुढे कंपनीने तिची दुरुस्ती करून तिला आपल्या मुख्यालयात मांडलं. दुसरं उदाहरण कोल्हापूरचं. छत्रपती घराण्याची १९३०च्या दशकातली मेबॅक दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते आणि हजारो लोकांच्या देखत स्वतःच्या इंजिनावर चालते. ती काचेआड ठेवावी असं म्हणणारे निघतील, पण वर्षातून एकदा ठरल्या दिवशी गर्दीसमोर बाहेर पडायचं या बंधनामुळेच ती सतत चालू स्थितीत ठेवावी लागते. जुन्या गाड्यांच्या मंडळांची जी जागतिक संघटना आहे, त्या फिवाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेतही वाहनाचा वापर हा त्याच्या जतनाचाच भाग मानला आहे. थांबलेलं यंत्र स्वतःबद्दल अर्धंच काही सांगू शकतं.

कायद्याकडे वळलं की हा मुद्दा आणखी पक्का होतो. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, असा समज महाराष्ट्रात सर्रास आढळतो. तो आला दिल्लीहून. तिथे राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५च्या आदेशाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि त्यानंतरही त्यावर वाद चालूच राहिला. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणी होऊन दर पाच वर्षांनी नवी होते. वर पर्यावरण कर भरावा लागतो. या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये झालं आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी २०२५ मध्ये ते १०,००० वर गेलं. रक्कम टोचणारी आहे, पण अट पाहा: गाडी तपासणीला न्यावी लागते, तिचे ब्रेक लागले पाहिजेत, दिवे पेटले पाहिजेत, पीयूसी निघालं पाहिजे. जी गाडी ‘जपायची’ म्हणून दहा वर्षं कव्हरखाली ठेवली तिची नोंदणी संपलेली असते, विमा गेलेला असतो, आणि कागदावर ती रस्त्यावरचं वाहनच राहिलेली नसते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. आता हिशेब करा. १९९२ची मारुती ८०० या दर्जाला २०४२ मध्ये पोचेल. फिवा तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक धरते, आपण पन्नास. या मधल्या वीस वर्षांत आपल्या कायद्याच्या लेखी ती केवळ एक जुनी गाडी असते, आणि तिला तग धरायचा एकच मार्ग म्हणजे दर पाच वर्षांनी चालू स्थितीत आरटीओसमोर उभं राहणं. आणि आज कुणी तिच्या इंजिनाला किंवा बॉडीला हात घातला, तर २०४२ चं दारही आजच बंद झालं.

किमतीचा आक्षेप तरीही उरतो, आणि तो पोकळ नाही. कमी चाललेल्या गाडीला जास्त पैसे मिळतात हे खरंच आहे. पण हे पैसे कोणत्या आकड्यावर मिळतात ते पाहिलं पाहिजे. पोलंडमध्ये १९९७ची एक बीएमडब्ल्यू ७४० आय हवाबंद फुग्यात ठेवलेली सापडली, चाललेली अवघी २५५ किलोमीटर. तशी गाडी आता वाहन नाहीच, ती पुरावा आहे, आणि तिचं एकेक किलोमीटर मोजून वापरणंच शहाणपणाचं. आपल्या पार्किंगमधली गाडी त्या जातीची नसते. मीटरवर तीस हजारांचे पस्तीस हजार झाल्याने घेणारा मागे हटत नाही. तो मागे हटतो दरवाज्याच्या कडेला लांबी भरलेली दिसली की. शिवाय सर्व्हिसच्या पावत्या नसतील तर पाच आकडी मीटरवर कुणी विश्वास का ठेवावा? ते ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं आणि मागे फिरवणारे हातही पुष्कळ आहेत. जाणकार मीटर वाचण्याआधी पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हरच्या सीटची कड वाचतो. महिन्याला शंभर किलोमीटर या बेताने चालवलं तर वर्षाचे बाराशे होतात, वीस वर्षांचे चोवीस हजार. तीस हजारांची गाडी २०४५ मध्येही पंचावन्न हजारांच्या आत राहील आणि तेव्हाही कमी चाललेलीच म्हणवली जाईल. मीटर थोपवून धरण्यात वाचतं काय, ते मला तरी दिसत नाही.

बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद मला याहून वजनदार वाटतो. ते म्हणतात, गाडी आमची, पैसा आमचा. आणि फेरफार हाही गाड्यांच्या इतिहासाचाच भाग आहे. अमेरिकेत १९३२च्या फोर्ड गाड्या कापून, खाली बसवून पोरांनी ज्या हॉट रॉड केल्या, त्यांना आज संग्रहालयांत मानाचं स्थान आहे. आपल्याकडे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींच्या छताला लावलेली रंगीबेरंगी कापडं ही तर लोककलाच. हे सारं मला मान्य आहे. तरीही कमी चाललेल्या गाडीपुरतं उत्तर वेगळं येतं. फेरफार करणारा सगळ्यात आधी फेकून देतो तेच, जे या गाडीत टिकून राहिलेलं असतं: कंपनीच्या सीटा, न उघडलेलं इंजिन, पातळ मूळ रंग. त्याच्या कामाला ही गाडी कुठल्याच बाबतीत सरस नसते. दोन लाख चाललेली, पत्रा शाबूत असलेली ८०० त्याला हिच्या अंशभर किमतीत मिळेल आणि तीत एस्टीमचं इंजिन बसवण्याची हौस तेवढीच भागेल. मारुती ८०० पंचवीस लाखांहून जास्त बनल्या. फेरफारासाठी गाड्यांचा तुटवडा नाही, तुटवडा होतोय तो जशाच्या तशा राहिलेल्यांचा. कायद्याचीही वाट इथे अडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी कडक अर्थाने सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले. मान्यताप्राप्त सीएनजी किट किंवा पुण्याच्या अराईसारख्या संस्थेने प्रमाणित केलेलं इलेक्ट्रिक किट याला वाट आहे. पण इलेक्ट्रिक किट लाखांत जातं, आणि पद्मिनीतून तिचं १,०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगखालचा गिअर काढल्यावर उरतं ते जुन्या पत्र्यातलं नवं वाहन. ज्याला ते हवं त्याने खुशाल करावं, मात्र मूळ पद्मिनीचा बळी देऊन नको.

पण बदल म्हटला की सगळाच वर्ज्य, हेही टोक झालं. जुन्या गाडीत माणसं बसतात. आपल्याकडच्या १९६०-७०च्या बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक, सीट बेल्ट नाहीत, एअरबॅगचा तर प्रश्नच नाही. इथे माझा निकष साधा आहे: जे स्पॅनरने लावता आणि स्पॅनरने काढता येतं, पत्रा कापावा किंवा जोडावा लागत नाही, आणि ज्याचा मूळ भाग डब्यात घालून माळ्यावर ठेवता येतो, ते करावं. मूळ आधारांवर बसणारे सीट बेल्ट, हेडलाइटसाठी रिले, नव्या काळाच्या रबरी नळ्या, अग्निशामक. टायर, बॅटरी, पट्टे, ब्रेकचे किट हे तर मूळपणात मोजायचेच नाहीत. ते संपायलाच बनवलेले असतात, आणि ‘कंपनीचे टायर’ म्हणून तीस वर्षांचं रबर घेऊन घाटात उतरणं हा भक्तीचा नव्हे, बेफिकिरीचा नमुना आहे. एवढं करूनही पद्मिनी द्रुतगती मार्गावरच्या वेगाला तयार होत नाही. तिने पुण्याला जावं ते जुन्या महामार्गाने, रविवारी पहाटे.

प्रदूषणाचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्याला अर्धंच उत्तर देता येतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्या पेट्रोल मोटारींना चार महानगरांत १९९५ पासून आले. त्याआधीची कार्ब्युरेटरवाली गाडी दर किलोमीटरला आजच्या बीएस-६ गाडीच्या कितीतरी पट विषारी वायू सोडते. ही वस्तुस्थिती मेकॅनिकच्या ट्यूनिंगने पुसली जात नाही. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब मात्र वेगळा आहे. वर्षाला बाराशे किलोमीटर, लिटरला पंधरा, म्हणजे ऐंशी लिटर पेट्रोल आणि वर्षाचे दोनशे किलोच्या आत. नवी गाडी कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतच काही टन खर्ची पडलेले असतात, आणि तेवढा कार्बन सोडायला या जुन्या गाडीला दोन दशकं तरी लागतील. म्हणून माझं ‘चालवा’ हे रोज ऑफिसला न्या असं नाही. सिग्नलवर तासभर घुरघुरत राहणं गाडीलाही घातक आणि मागे उभ्या असलेल्या दुचाकीवाल्यालाही. ज्याला रोजची गाडी हवी त्याने ही विकावी आणि दुसरी घ्यावी, हेच सरळ.

मग निव्वळ जपून ठेवावी अशी गाडी कुठली? फार थोड्या, आणि त्या ओळखायला महागाईचा निकष उपयोगी नाही. काळी-पिवळी पद्मिनी हे ठळक उदाहरण. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इतक्या बनवल्या की ती कधी दुर्मीळ होईल असं कुणाला वाटलं नाही. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २००३ मध्ये नोंदलेली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, आणि तेव्हा एखादी तरी जतन करा म्हणून मागणी झाली. बाकीच्या बहुतेक भंगारात, त्यांचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्याच्या नाना पेठेत. जी वस्तू सर्वत्र असते तिचं जतन कुणीच करत नाही. त्यामुळे एखाद्या प्रकारातली पहिली वा शेवटची गाडी, एखाद्या सार्वजनिक घटनेशी कागदोपत्री जोडलेली गाडी, किंवा कारखान्याच्या खडूच्या खुणाही अंगावर असलेली जवळजवळ न चाललेली गाडी असेल, तर ती घरात ठेवू नये. हरियाणातल्या तावडू इथल्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमसारख्या, तापमान आणि ओलावा सांभाळणाऱ्या ठिकाणी तिची जागा आहे. सोसायटीच्या खांबामागे प्लास्टिकच्या कव्हरखाली होतं त्याला जतन म्हणता येत नाही. कव्हरखाली ओलावा कोंडतो आणि उघड्यापेक्षा लवकर गंज धरतो.

गाडी बाहेर काढायची ठरली तर घाईने स्टार्टर मारू नये. आधी टाकी रिकामी करून धुवावी, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडावं, इंजिन हाताने फिरतं का पाहावं, बेल्ट आणि ब्रेक उघडावेत, मगच बॅटरी जोडावी. पण त्याच्याही आधी आरसी बुक काढून नाव वाचावं. अशा गाड्यांपैकी बऱ्याच अजून दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्याच नावावर असतात. वारसाच्या नावे हस्तांतराचा फॉर्म ३१ मृत्यूच्या दाखल्यासह आणि इतर वारसांच्या संमतीसह आरटीओत जमा झाला नाही, तर नूतनीकरण अडतं आणि अपघात झाला तर विमा कंपनी दाव्याला हरकत घेते. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक यांच्यातल्या सहमतीने ठरते, तेव्हा मूळ स्थितीचे फोटो आणि पावत्या दाखवून ती वाढवून मागता येते. पण मागणाऱ्याचं नाव पुस्तकात असावं लागतं. तीन भावंडांत गाडीचं काय करायचं यावर एकमत होत नसेल, तर हा फॉर्म भरतानाच ते करावं लागतं.